घोडवाटांचें रक्षण

शेतीच्या सुधारणेचा विचार करतांना बियाणें, खत, पाणी आणि अवजारें यांची चर्चा पुष्कळ होते. वाटेची होत नाहीं. वाट ही पायांखालचीच वस्तु. ती आज आहे तशी उद्यांहि राहील, असें आपण गृहीत धरून चालतों. ही समजूत किती फसवी आहे हें गेल्या वैशाखांत मुक्ताईनगर तालुक्यांतील एका वाटेनें आम्हांस दाखवून दिलें. ती हकीकत प्रथम सांगून मग मुख्य विषयाकडे वळूं.

वढोदा भागांत वनाच्या कडेला शेत असलेले एक वृद्ध शेतकरी आमच्या परिचयाचे आहेत. वय सत्तरीच्या पुढें, गुडघे अधू, आणि घरापासून शेत अडीच कोस. मोटारसायकल चालविणें त्यांना या वयांत झेपत नाहीं. परंतु त्यांच्या दावणीस एक शांत स्वभावाची घोडी आहे. तिच्या पाठीवर बसून ते रोज सकाळीं शेतावर जातात आणि दिवस मावळण्यापूर्वीं परततात. त्यांच्या वडिलांनींहि याच वाटेनें अशीच ये-जा केली. एके दिवशीं आम्ही त्यांच्याबरोबर पायीं निघालों. पहिला अर्धा कोस वाट चांगली होती. दोन्ही बाजूंस निंब-बाभळींची सावली होती. पुढें एके ठिकाणीं शेजारच्या नांगरानें वाटेचा अर्ध्याहून अधिक भाग पोटांत घेतला होता, आणि उरलेल्या पट्टीला लागून कांटेरी तारेचें कुंपण ताणलेलें होतें. तारेस घांसून जखम होऊं नये म्हणून स्वारास पाय वर ओढून घ्यावा लागला. नाल्याच्या उतारावर मुरमाचा ढीग टाकून ठेवलेला होता. तोहि कसाबसा ओलांडला. शेवटीं वनाची कड लागली. तेथें वाटेस आडवा असा छातीएवढा खोल चर खणलेला आढळला. तो कोणी खणला आणि कशासाठीं, हें सांगणारें तेथें कोणी नव्हतें. अशा चरांत माणूस उतरून पलीकडे चढून जाईल. घोडें जाणार नाहीं.

मागें फिरून मोठ्या रस्त्यानें जाणें भाग पडलें. तेथें मालमोटारींची रीघ लागलेली. एका मोटारीच्या कर्ण्यासरशी घोडी बुजली आणि रस्त्याच्या मध्यभागाकडे वळली. मागून येणारी गाडी वेळेवर थांबली म्हणून निभावलें. त्यानंतर ते गृहस्थ खालीं उतरले, आणि ज्या पायांना चालवत नाहीं म्हणून घोडी बाळगली, त्याच पायांनीं, हातांत लगाम धरून, उरलेलें अंतर चालले. शेतावर पोंचल्यावर ते इतकेंच म्हणाले कीं, हें असेंच राहिलें तर घोडी विकावी लागेल, आणि घोडी विकल्यावर शेत वाट्यानें द्यावें लागेल. एका चरामुळें आणि एका नांगराच्या तासामुळें एका कुटुंबाची स्वतःची वहिती सुटण्याची वेळ येते, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

मोटारींच्या या काळांत घोड्यांची चिंता कशाला, असें कोणी विचारील. घोडीं कमी होत आहेत हें खरेंच आहे. २०१२ सालच्या पशुगणनेंत सबंध देशांत घोडीं व तट्टें मिळून सुमारें सव्वासहा लाख होतीं. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेंत तीं सुमारें तीन लाख चाळीस हजारांवर आलीं. सात वर्षांत शेंकडा पंचेचाळिसांहून अधिक घट झाली. तथापि जीं उरलीं आहेत तीं केवळ हौसेचीं नाहींत. खानदेशांतील ठेलारी व धनगर मेंढपाळ आठ महिने मेंढरांबरोबर फिरतात. त्यांचा संसार, आणि दमलेलीं कोंकरेंसुद्धां, तट्टांच्या पाठीवर असतात. सातपुड्यांतील ज्या पाड्यांपर्यंत चाकाची वाट पोंचत नाहीं, तेथें ओझें माणसाच्या डोक्यावर किंवा जनावराच्या पाठीवरच जातें. तापीकांठीं सारंगखेडें येथें दत्तजयंतीस भरणारा घोड्यांचा बाजार आजहि दूरदूरच्या गिऱ्हाइकांनीं गजबजतो. वारीच्या रिंगणांत घोडा धांवतो, लग्नांत नवरदेव घोड्यावर बसतो. पण रिंगणासाठीं आणि वरातीसाठीं सुद्धां घोडें वर्षभर कोठेंतरी चालवावें लागतें. खुंट्याला बांधून ठेवलेलें घोडें लवकरच निकामी होतें.

याहूनहि महत्त्वाचें कारण दुसरें आहे. जेथून ओझ्यासह घोडें सुखरूप जातें, तेथून गुरांचा कळप जातो, मेंढरें जातात, डोक्यावर भारा घेतलेली बाई जाते, आणि आजाऱ्यास खाटेवर घालून चौघे जण नेऊं शकतात. घोडवाट हें वाटेचें माप आहे. घोडवाट अडली म्हणजे मागोमाग या सर्वांचीच वाट अडते. म्हणून हा प्रश्न घोडीं बाळगणाऱ्या थोड्यांचाच आहे असें आम्ही मानीत नाहीं.

घोड्यास वाट कशी लागते, हें आजच्या पुष्कळ तरुण शेतकऱ्यांस ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यांत सांगतों. पहिली गोष्ट जमिनीची. नाल मारलेल्या खुरास दाबलेला मुरूम किंवा निचऱ्याची माती उत्तम. डांबरावर व गुळगुळीत काँक्रिटवर नाल घसरतो, आणि कठीण पृष्ठावर सतत दौडविल्यानें पायांच्या सांध्यांस इजा होते. दुसरी गोष्ट रुंदीची. समोरून दुसरें जनावर आलें तर बाजूस होतां यावें इतकी जागा हवी. तिसरी उंचीची. घोड्यावर बसलेल्या माणसाचें डोकें जमिनीपासून आठ फुटांच्या आसपास असतें. सबब बाभळीच्या फांद्या दहा फुटांपर्यंत छाटलेल्या असाव्या. चौथी उतारांची. नाल्यांत उतरतांना व चढतांना चढ सावकाश असावा आणि तळ दलदलीचा नसावा. पांचवी गोष्ट कुंपणाची. कांटेरी तार आणि विजेच्या झटक्याचें कुंपण हीं घोड्यास अत्यंत घातक आहेत. बुजलेलें घोडें तारेंत अडकलें म्हणजे ती तार त्याच्या पायाचें मांस कापून काढते. जेथें दोन्ही बाजूंस तार आहे तेथें वाट रुंद ठेवणें हाच एक उपाय होय.

वाटेच्या पृष्ठभागाचा प्रश्न किती गंभीर होऊं शकतो याचें आपल्याच राज्यांतील उदाहरण म्हणजे माथेरान. हें गिरिस्थान ४ फेब्रुवारी २००३ रोजीं पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालें. दस्तुरी नाक्यापुढें खाजगी मोटारींस बंदी असल्यामुळें तेथील वाहतूक घोड्यांवर, हातरिक्षांवर व पायीं चालत आली. पावसानें लाल मातीचे रस्ते वाहून जातात म्हणून त्यांवर ठोकळे बसविण्याचें काम निघालें; तेव्हां त्या ठोकळ्यांवर खुरें घसरतात अशी तक्रार घोडेवाल्यांनीं केली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयानें २०२५ च्या ऑगस्टांत दिलेल्या आदेशांत दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ठोकळे बसविण्यास मोकळीक दिली, मात्र त्यांखालीं काँक्रिटचा थर घालूं नये असें सांगितलें. आणि आंतील रस्ते व पायवाटा यांवर ठोकळे बसवूं नयेत असेंहि ठरविलें. मुख्य रस्त्याची गरज निराळी आणि आंतल्या वाटेची निराळी, हा त्यांतील भेद आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. गांवांत रस्त्याचें काम मंजूर झालें कीं कडेपासून कडेपर्यंत काँक्रिट व्हावें असा आपला आग्रह असतो. त्याऐवजीं एका कडेस चार-पांच फुटांची मुरमी पट्टी जनावरांसाठीं मोकळी ठेवा, एवढी मागणी आराखडा होत असतांनाच केली तर खर्च वाढत नाहीं.

आतां हक्काकडे येऊं. शिवारांतील वाटा कोणाच्या? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या २० व्या कलमाप्रमाणें जे सार्वजनिक रस्ते व वाटा कोणाच्या खाजगी मालकीच्या नाहींत, त्या शासनाच्या मालकीच्या होत. त्यांचा आधार गांवनकाशा. नकाशावर तुटक दुहेरी रेषेनें गांवोगांव जाणारे ग्रामीण रस्ते दाखविलेले असतात. तुटक एकेरी रेषेनें गाडीमार्ग व पायमार्ग दाखवितात. गाडीमार्गाची रुंदी १६½ ते २१ फूट आणि पायमार्गाची ८¼ फूट धरण्याचा प्रघात आहे. हे आंकडे विचित्र वाटतात खरे; पण मुंबई इलाख्याच्या मोजणीची सांखळी ३३ फुटांची होती, आणि तिचे सोळा आणे पाडलेले होते. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद चौकोन म्हणजे आपला गुंठा. त्या सांखळीचे चार आणे म्हणजे बरोबर ८¼ फूट, आणि आठ आणे म्हणजे १६½ फूट. पायवाटेस चार आणे व गाडीवाटेस आठ आणे, असा हा हिशेब बसतो. सव्वाआठ फुटांत एक घोडें ओझ्यासह सहज जातें. म्हणजे नकाशावरील साधी पायवाटहि, ती पूर्ण रुंदीनें मोकळी असेल तर, घोडवाट होऊं शकते.

याच मोजणीविरुद्ध १८५२ सालीं सावदा, रावेर व चोपडा या भागांतील शेतकरी चवताळून उठले होते. सांखळी शेतांत आली कीं सारा वाढेल अशी त्यांस भीति होती, आणि ती अगदींच निराधार होती असें कोण म्हणेल? सरकारनें तो उठाव बळानें मोडला व मोजणी पुढें चालू ठेवली. परंतु काळाची गति पहा. ज्या सांखळीचा आपल्या पूर्वजांनीं तिटकारा केला, त्याच सांखळीनें काढलेला नकाशा आज त्यांच्या नातवंडांची वाट राखण्यास उपयोगी पडतो. आपल्या गांवचा नकाशा आपल्यापैकीं कितीजणांनीं उलगडून पाहिला आहे? आम्हीं सदर वृद्ध गृहस्थांस तोच प्रश्न विचारला. त्यांनीं तो कधीं पाहिलेला नव्हता. नंतर तो मिळवून पाहतां, नांगराखालीं गेलेला तुकडा तुटक रेषेनें स्पष्ट दाखविलेला आढळला. तें कळतांच त्यांचा आवाज बदलला. विनंती करणाऱ्याच्या आवाजाची जागा हक्कदाराच्या आवाजानें घेतली.

वाट अडविली गेल्यास उपाय दोन आहेत, आणि त्यांतील भेद कळला नाहीं म्हणून पुष्कळ अर्ज वायां जातात. शेताला जाण्यास मुळांत वाटच नसेल तर १९६६ च्या अधिनियमाच्या १४३ व्या कलमाखालीं तहसीलदाराकडे अर्ज करावा. दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरच्या बांधावरून वाट देतां येते, आणि ती देतांना शेतकऱ्याची वाजवी गरज पाहिली जाते. या निर्णयानें कोणाचें समाधान न झाल्यास त्यास एक वर्षाच्या आंत दिवाणी दावा लावतां येतो. परंतु चालू वहिवाटीची वाट जर कोणी नांगरली किंवा अडविली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या ५ व्या कलमाखालीं दाद मागावी. येथें मुदत अडथळा झाल्या दिवसापासून सहा महिन्यांची आहे. आमचा शेतकरी बहुधा यंदाचें पीक निघेपर्यंत थांबूं, दिवाळीनंतर बोलूं, सोयरीक आहे तेव्हां वाईटपणा नको, असें म्हणत राहतो. आणि तो तहसिलींत जातो तेव्हां सहा महिने उलटून गेलेले असतात. वाईटपणा टाळावयाचा असेल तर खुशाल टाळावा, पण अडथळा कोणत्या दिवशीं झाला तो दिवस लिहून ठेवण्यानें कोणाशींहि वाईटपणा येत नाहीं. २०२५ च्या मे महिन्यांत शासनानें शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद असावे आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या सदरीं घ्यावी असा निर्णय केला. त्याचा फायदा प्रत्येक गांवानें करून घ्यावा. वाट सातबाऱ्यावर चढली म्हणजे जमीन विकली गेली तरी नवा खरेदीदार मला ठाऊक नव्हतें असें म्हणूं शकत नाहीं.

येथपर्यंत शिवारांतील वाटेचें झालें. वनांतील वाटेचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि मुक्ताईनगर तालुक्यास तो विशेष लागू पडतो. वढोदा भागांतील वनें धरून १२२ चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्र २०१४ सालीं मुक्ताई भवानी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालें. मेळघाट आणि यावल यांच्या दरम्यान वाघाच्या जाण्यायेण्याचा हा मार्ग आहे. तो राखणें अवश्य आहे, याविषयीं आमचें दुमत नाहीं. वाघास वाट पाहिजे हें ज्यांस कळतें, त्यांस माणसालाहि वाट पाहिजे हें पटविणें अशक्य नसावें.

शिवारांत वहिवाटीस मोल आहे. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणें वीस वर्षें अखंड व उघड वहिवाट केल्यास दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क प्राप्त होतो. जमीन सरकारी असल्यास तीस वर्षें लागतात. परंतु राखीव वनाची गोष्ट निराळी. भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या २३ व्या कलमाप्रमाणें राखीव वनांत वारसानें किंवा शासनाच्या लेखी देणगीनें मिळालेल्या हक्काखेरीज नवा हक्क उपजत नाहीं. आपले आजोबा, पणजोबा याच वाटेनें गेले, हें सांगणें तेथें पुरेसें होत नाहीं. हें कटु वाटलें तरी समजून घेतलेंच पाहिजे, नाहीं तर आपण चुकीच्या दारावर थापा मारीत बसूं.

मग वनांतील वाटेस आधारच नाहीं काय? आहे. त्याच अधिनियमाच्या २५ व्या कलमाप्रमाणें राखीव वनांतील सार्वजनिक किंवा खाजगी वाट बंद करावयाची असल्यास वनाधिकाऱ्यास शासनाची पूर्वमंजुरी घ्यावी लागते. आणि तिच्याऐवजीं सोयीची दुसरी वाट आधींपासून असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे. म्हणून आपल्या नेहमींच्या वाटेवर चर आढळला तर रागावण्यापूर्वीं दोन प्रश्न लेखी विचारावे: मंजुरी कोणाची आहे, आणि पर्यायी वाट कोणती? दुसरा आधार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचा. अभयारण्यांत प्रवेशावर जें बंधन २७ व्या कलमाच्या पहिल्या पोटकलमानें येतें, तें संवर्धन राखीवास लावलेलें नाहीं. आग लावणें, वन्य पशूंस त्रास देणें, हद्दीच्या खुणा मोडणें, घाण टाकणें या गोष्टींस मात्र तेथेंहि मनाई आहे. शिवाय ३६ ब कलमाप्रमाणें संवर्धन राखीवाच्या व्यवस्थापन समितींत त्या क्षेत्रांतील प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधि असतो, आणि कृषि व पशुसंवर्धन या खात्यांचेहि प्रतिनिधि असतात. घोडवाटेचा प्रश्न मांडण्यास याहून योग्य जागा दुसरी नाहीं. आपल्या पंचायतीचा प्रतिनिधि कोण आहे, तो सभेस जातो काय, आणि जाऊन काय बोलतो, हें गांवकऱ्यांनीं विचारलें पाहिजे. तिसरा आधार २००६ च्या वनहक्क कायद्याचा. त्यांत स्थायिक व भटक्या अशा दोन्ही पशुपालकांच्या चराईचा आणि ऋतुमानाप्रमाणें वनांत जाण्यायेण्याचा सामूहिक हक्क मानला आहे. त्याचा दावा प्रथम ग्रामसभेपुढें येतो. मेंढपाळांनीं याचा विचार करावा.

एक बारीक मुद्दा येथें सांगितला पाहिजे. १९२७ च्या वन अधिनियमांत गुरें या शब्दाच्या व्याख्येंतच घोडे, घोड्या, तट्टें, शिंगरें व खेंचरें येतात. म्हणून वाटेवरून घोड्यानें जाणें ही एक गोष्ट, आणि वाट सोडून तें राखीव वनांत चरावयास सोडणें ही अगदीं दुसरी गोष्ट होय. पहिलीचा हक्क मागतांना दुसरीची सवय आपण सोडली नाहीं, तर आपलें म्हणणें कोणी ऐकणार नाहीं.

परदेशांतील एक अनुभव येथें बोधप्रद आहे. इंग्लंडांत १९४९ च्या कायद्यानें प्रत्येक प्रांतिक मंडळावर वाटांचा अधिकृत नकाशा करण्याची जबाबदारी टाकली. त्यांत पायवाट आणि घोडवाट असे दोन वर्ग निरनिराळे दाखविले जातात. घोडवाटेवर पायीं चालणारा, स्वार, आणि १९६८ पासून सायकलवालाहि जाऊं शकतो. पुढें २००० सालीं असें ठरविण्यांत आलें कीं, ज्या जुन्या वाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत या नकाशावर चढणार नाहींत, त्यांवरील लोकांचा हक्क बुडेल. तेव्हां घोडेस्वारांच्या संस्थेनें स्वयंसेवक तयार केले. त्यांनीं जुने नकाशे, कुंपणबंदीचे दस्तऐवज व मोजणीचीं बाडें धुंडाळून वाटेमागून वाट सिद्ध करण्याचा उद्योग आरंभिला. नंतर ही मुदत २०३१ पर्यंत लांबविली गेली, आणि २०२४ च्या डिसेंबरांत तेथील शासनानें ती रद्दच करण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्याकडे अशी जाहीर मुदत नाहीं. पण ज्या वृद्धांस वाट कोठून कोठें जात होती हें ठाऊक आहे, ते एकेक करून जात आहेत. ही मुदत कोणतेंहि शासन लांबवूं शकत नाहीं.

दुसऱ्या बाजूचेंहि म्हणणें ऐकलें पाहिजे. केळीची बाग लावणारा शेतकरी म्हणतो, वाटसरूंची जनावरें माझीं रोपें खातात, म्हणून मी कुंपण घातलें. त्याचें नुकसान खरें आहे. वनरक्षक म्हणतो, वाट मोकळी ठेवली कीं तिनें चोरटी लांकूडतोडहि जाते, म्हणून चर खणावा लागतो. हेंहि खोटें नाहीं. परंतु चोरासाठीं साऱ्या गांवाचा दरवाजा भिंतीनें चिणून टाकीत नाहींत. त्यास कवाड लावतात. चराच्या जागीं गाडी जाणार नाहीं पण घोडें जाईल इतक्या रुंदीचे दोन दगडी खांब रोवले तर दोघांचेंहि काम भागतें. कुंपण वाटेच्या हद्दीपासून हातभर आंत घेतलें, आणि कांटेरी तारेऐवजीं मेंदीची किंवा निवडुंगाची जिवंत वई लावली, तर बागहि राखली जाते व घोडेंहि.

स्वारांनींहि कांहीं नियम आपणांस लावून घ्यावे. पीक उभें असतांना बांध सोडूं नये. अरुंद जागीं पायीं चालणारास आधीं वाट द्यावी. पावसाळ्यांत वाट चिखलाची असतांना दौड मारून ती उखणूं नये. वनांतून जातांना सूर्योदयापूर्वीं व सूर्यास्तानंतर प्रवास टाळावा, कारण ती वेळ वन्य पशूंची. नाल्यावर घोड्यास पाणी पाजावें, पण माणसें पाणी भरतात तेथें नव्हे. हे नियम कायद्याचे नाहींत, शेजारधर्माचे आहेत. आणि वाटेचा हक्क टिकतो तो बऱ्याच अंशीं शेजारधर्मानेंच.

या सर्वांचें तात्पर्य काय? वाट जिवंत राहते ती चालण्यानें, पण टिकते ती नोंदीनें. म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक गांवच्या संघ-सभासदांनीं येत्या मृगापूर्वीं एक दिवस ठरवावा. गांवनकाशाची प्रत मिळवावी. दोन वृद्ध आणि दोन तरुण अशा चौघांनीं, मिळाल्यास एक घोडें बरोबर घेऊन, शिवारांतील प्रत्येक वाट चालून पाहावी. जेथें घोडें अडेल तेथें नकाशावर खूण करावी. कारण, रुंदी व तारीख लिहावी. जी वाट नकाशावर आहे पण जमिनीवर नाहीं, तिच्यासाठीं तहसिलींत अर्ज करावा. जी जमिनीवर आहे पण नकाशावर नाहीं, तिच्याविषयीं वृद्धांचे जबाब लिहून त्यांवर सह्या घ्याव्या. जी वनांतून जाते, तिची यादी करून ग्रामसभेचा ठराव व्यवस्थापन समितीकडे पाठवावा. या कामास पैसा लागत नाहीं; एक दिवस आणि थोडा निर्धार लागतो.

दरवर्षीं ज्येष्ठांत कोथळीहून मुक्ताईची पालखी पंढरपुरास निघते आणि महिनाभराहून अधिक दिवस पायीं चालते. ती वाट कोणी नांगरूं धजत नाहीं, कारण हजारों पावलें दरवर्षीं तिची साक्ष देतात. एकट्या स्वाराच्या वाटेस अशी दिंडी नसते. तिच्यासाठीं कागदालाच साक्ष द्यावी लागते.

त्या वृद्ध गृहस्थांनीं मामलेदार न्यायालयाच्या कायद्याखालीं आपला अर्ज केला आहे. सहा महिन्यांची मुदत संपण्यास तेव्हां एकोणीस दिवस उरले होते. वनाच्या कडेच्या चराविषयींचें पत्रहि गेलें आहे. निकाल काय लागेल हें आज सांगतां येत नाहीं. घोडी अद्याप त्यांच्या दावणीस आहे.